सहा जानेवारीला फळ्यावर काय लिहायचं?

बाई, नमस्कार. तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: शाळेच्या परिपाठात दिनविशेष लिहायचं काम तुमच्याकडे आहे. ६ जानेवारीला तुम्ही फळ्यावर ‘आज दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर यांची जयंती’ असं लिहिलंत. मुलाला सोडायला आलेल्या एका पालकांनी ते वाचून, जयंती २० फेब्रुवारीला असते, असं चारचौघांत सुनावलं. मुख्याध्यापकांनी ग्रुपवर आलेली पीडीएफ उघडून दाखवली, तर तिच्यात ६ जानेवारीच. आता खरं कोणाचं, आणि रोज असं तपासत बसायचं तर शिकवायचं कधी, असा तुमचा सवाल आहे.

मी एका जिल्हा दैनिकात बावीस वर्षं दिनविशेषाची चौकट भरली. बोटभर उंचीची जागा, पाच-सहा ओळी. पण वर्षभरात सगळ्यात जास्त पोस्टकार्डं याच चौकटीवर यायची. अग्रलेखात काय चुकलं हे कुणी कळवत नसे. तारीख चुकली की तिसऱ्या दिवशी पत्र हजर. त्यामुळे तुमच्या त्या पालकांचा मला राग येत नाही. असा एक वाचक असला की लिहिणारा सावध राहतो.

तुमच्या प्रश्नात खरं म्हणजे दोन प्रश्न गुंतलेत. बाळशास्त्रींचा जन्म कधीचा, हा एक. दुसरा जास्त कामाचा: एखादी तारीख दिनविशेषाच्या पानावर येऊन बसते ती कुठून? पहिल्याचं उत्तर कागद किती सापडतात यावर अवलंबून आहे. दुसऱ्याचं उत्तर एकदा अंगवळणी पडलं की निम्म्या चुका तपासायच्या आधीच डोळ्यांत खुपायला लागतात.

६ जानेवारीचंच बघू. ६ जानेवारी १८३२, शुक्रवार, या दिवशी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. याबद्दल वादच नाही, कारण वर्तमानपत्र स्वतःची तारीख स्वतःच्या कपाळावर घेऊन जन्माला येतं. मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी स्तंभांत. आधी पाक्षिक, मग चारेक महिन्यांत साप्ताहिक, आणि १८४० मध्ये बंद. म्हणून आपल्याकडे ६ जानेवारी हा पत्रकार दिन. इथपर्यंत जमीन पक्की आहे.

जन्माचं तसं नाही. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्यात १८१२ साली जन्मलेल्या मुलाची तारीख त्या दिवशी कुठल्या सरकारी दप्तरात चढली नाही. ती नंतर कुणीतरी आठवणीतून, पत्रिकेवरून किंवा हिशेबाने काढली. आज छापील मजकुरात ६ जानेवारी १८१२ आणि २० फेब्रुवारी १८१२ अशा दोन्ही तारखा मिळतात. माझा कल २० फेब्रुवारीकडे आहे. का, ते सांगतो, कारण माझ्या कामाची मेख तिथेच आहे.

६ जानेवारी खरी मानली तर बाळशास्त्रींनी ‘दर्पण’ काढला तो बरोबर आपल्या विसाव्या वाढदिवशी. असं घडू शकतं. पण दरवर्षी ६ जानेवारीला त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, भाषणं होतात, आणि हार घातलेली तसबीर दिसली की आपण जयंती म्हणून मोकळे होतो. म्हणजे २० फेब्रुवारीची ६ जानेवारी व्हायला कारण आहे. उलट, ६ जानेवारीसारखी गाजलेली तारीख सोडून कुणी उगाच २० फेब्रुवारी कशाला शोधून काढेल? दोन तारखांत भांडण असेल तेव्हा जी तारीख कुणाच्याच सोयीची नाही तिला मी आधी जवळ करतो. हा पुरावा नव्हे, नुसता कल आहे. पण तो मला क्वचितच फसवतो.

तारखा सणाकडे घरंगळतात, असं मी माझ्यापुरतं म्हणतो. उतारावरचं पाणी जसं ओहोळाकडे जातं तसं. याच ६ जानेवारीच्या पानावर दुसरं उदाहरण बसलंय: फ्रान्ससाठी लढलेली जोन ऑफ आर्क, जन्म ६ जानेवारी १४१२. एका शेतकऱ्याच्या मुलीची एवढी नेमकी तारीख आली कुठून? १४२९ सालच्या एका पत्रातून. तेव्हा ती फ्रान्सभर गाजलेली होती, आणि पत्र लिहिणारा सरदार सांगतो की ती तीन राजांच्या सणाच्या रात्री जन्मली, गावकऱ्यांना कारण नसताना आनंद झाला, कोंबडे अवेळी आरवले. (हाच सण आपल्या गोव्यात ६ जानेवारीला रेइश मागुश आणि चांदरला साजरा होतो.) पुढे खटल्यात तिला वय विचारलं तर ती म्हणाली, साधारण एकोणीस. जिला स्वतःचं वर्षही नक्की माहीत नाही, तिची तारीख मात्र कोंबड्यांसकट हजर! मी ही नोंद अजून एकदाही छापलेली नाही.

आपल्या घरचं उदाहरण पानिपतचं. १४ जानेवारी १७६१, बुधवार. तारीख बरोबर आहे. पण पुढे हमखास ओळ येते: ‘ऐन संक्रांतीच्या दिवशी’. संक्रांत आज १४-१५ जानेवारीला येते म्हणून तेव्हाही तशीच असणार, हा आपला समज. ती सरकत असते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. म्हणजे दीडशे वर्षांत ती दोनेक दिवस पुढे आली. त्या हिशेबाने आणखी शंभर वर्षं मागे गेलात तर १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेलेली. तिथी सांगायची तर ती पौष शुद्ध अष्टमी. संक्रांत कोसळली ती भाषेत. पंचांगात ती आधीच उरकली होती. हे छापलं तेव्हा सतरा पत्रं आली. त्यांतली पंधरा रागावलेली होती.

आणि सगळ्यात मोठा ओहोळ म्हणजे १ जून. तुम्ही शिक्षिका, तुम्हाला काय सांगायचं! जुन्या दाखल्यांवर गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरायचं आणि शाळा सुरू होताना वय बसावं म्हणून १ जून टाकायचा. आमच्या पिढीत आणि आमच्या आधीच्या पिढीत प्रत्येक गावात दहा-वीस एक-जूनवाले सापडतात. माझी मावसबहीण पाटण तालुक्यातली. दाखल्यावर १ जून १९६७. मावशी मात्र नेहमी सांगायची, हिची पाचवी पुजली आणि त्याच रात्री पहाटे भूकंप झाला, पाट्यावरचा दिवा कलंडला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सव्वाचार-साडेचारचा. पाचवी १० तारखेच्या रात्री, म्हणजे जन्म ६ डिसेंबरचा. दाखल्याप्रमाणे ती सहा महिने आधीच जन्मली होती! मावशीला लिहिता येत नव्हतं, पण तिची तारीख गुरुजींच्या तारखेपेक्षा पक्की निघाली, कारण ती अशा घटनेला बांधलेली होती जिची वेळ यंत्राने नोंदवलीय. एखाद्या माणसाच्या चरित्रात १ जून दिसला की मी थांबतो आणि शाळेचा दाखला सोडून दुसरं काही आहे का ते पाहतो. काही लोक खरोखर १ जूनला जन्मतात, हे उघडच आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग प्रत्येक योगायोगावर संशयच घ्यायचा का? नाही. १ ऑगस्ट १९२० घ्या. रविवार. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले. गांधीजींनी असहकाराची सुरुवात आधीपासून त्याच दिवसासाठी जाहीर केलेली होती. आणि वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची जन्मतारीखही तीच, तेच वर्ष. पानावर या तीन नोंदी एकाखाली एक आल्या की हे कुणीतरी जुळवलंय असं वाटतं. पण पहिल्या दोन गोष्टी त्याच वेळी लिहिल्या, छापल्या गेल्या. टिळकांच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी मागाहून कुणी शोधलेली नाही. जुळणी किती सुंदर आहे हे बघायचं नाही. ती लिहिली कधी गेली, तेवढं बघायचं.

दुसरी भानगड कॅलेंडरांची. ती सणाच्या ओढीपेक्षा सरळ आहे, फक्त कुणी समजावून सांगत नाही. शिवजयंतीचं बघा. जेधे शकावलीतली, म्हणजे जेधे घराण्याच्या जुन्या तारीखवार टिपणातली, नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. तिची इंग्रजी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. (दुसरा जुना पक्ष शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे ६ एप्रिल १६२७ चा, राज्य सरकारने १९ फेब्रुवारी धरली आहे.) आता फोनमधल्या कॅलेंडरात १९ फेब्रुवारी १६३० काढा. बहुतेक फोन वार दाखवतील मंगळवार. मग शकावली चुकली का? नाही. फोन आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर तसंच मागे ओढत नेतो. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरातली तारीख आहे, जे इंग्रज १७५२ पर्यंत वापरत होते. नव्या मोजणीने तो दिवस १ मार्च १६३० पडतो, आणि त्या दिवशी शुक्रवारच येतो. गोव्यातल्या पोर्तुगीजांकडे नवं कॅलेंडर १५८० च्या दशकातच आलं होतं. म्हणजे महाराजांच्या काळात एकाच दिवशी गोव्याहून निघालेल्या आणि सुरतेच्या इंग्रजांकडून निघालेल्या पत्रांत दहा दिवसांचं अंतर दिसतं. शिवाय इंग्रजांचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे त्यांच्या लेखी तो १६२९ चाच फेब्रुवारी. राज्याभिषेकाचा ६ जून १६७४ हाही जुन्याच मोजणीचा. म्हणून सांगतो, १७५२ च्या आधीची तारीख असेल तर वार जुळवून पाहा, आणि तो जुळला नाही तर लगेच कुणाला खोटं पाडू नका. दहा दिवस (१७०० नंतरची असेल तर अकरा) पुढे जाऊन पुन्हा बघा.

यात मी स्वतः आपटलोय. नव्या नवलाईचे दिवस होते. २३ एप्रिलच्या चौकटीत ठोकून दिलं: ‘शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस या दोन महान लेखकांचं १६१६ साली एकाच दिवशी निधन.’ चार दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं, जांभळ्या शाईतलं, बारीक अक्षरात. निवृत्त ग्रंथपाल होते. त्यांनी तीन गोष्टी लिहिल्या होत्या. सर्व्हांटिस २२ तारखेला गेला, २३ ला पुरला. स्पेन नव्या कॅलेंडरावर होता आणि इंग्लंड जुन्या, म्हणून शेक्सपिअर गेला त्या दिवशी स्पेनमध्ये ३ मे होती. आणि शेक्सपिअरचा जन्मही २३ एप्रिलचा सांगतात, पण नोंद आहे ती २६ एप्रिल १५६४ च्या बाप्तिस्म्याची. २३ हा इंग्लंडच्या सेंट जॉर्जचा सण. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. ते कार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली अजून आहे. घरंगळण्याची गोष्ट मी त्यांच्याकडूनच शिकलो. गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्यही तसलंच: एकाची तारीख नव्या कॅलेंडराची, दुसऱ्याची जुन्या. दोघांना एकाच मोजणीत बसवलं तर न्यूटन ४ जानेवारी १६४३ ला सरकतो.

कधी कधी तर आजच्या काळातही तारीख कुठल्या गावची ते सांगावं लागतं. माणूस चंद्रावर उतरला तो अमेरिकेचा २० जुलै १९६९; आपल्याकडे तेव्हा २१ जुलैचे पावणेदोन वाजले होते, आणि आर्मस्ट्राँगने पाऊल टाकलं तेव्हा सकाळचे साडेआठ होत आले होते. दोन्ही तारखा खऱ्या.

शब्दांचंही एक सांगून ठेवतो, फळ्यावर ते पटकन दिसतं. जयंती गेलेल्या माणसाची, जिवंत माणसाचा वाढदिवस. कपिल देवची ‘जयंती’ लिहिलेला फळा मी पाहिलाय. पुण्यतिथी म्हणायचं तर ती तिथीच हवी: शिवाजी महाराज ३ एप्रिल १६८० ला गेले, पण रायगडावर पुण्यतिथी होते ती चैत्र पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी. इंग्रजी तारखेला स्मृतिदिन म्हणा. ज्ञानेश्वर, तुकाराम यांच्या बाबतीत तर इंग्रजी तारखेच्या फंदात पडूच नये. कार्तिक वद्य त्रयोदशी, तुकाराम बीज, एवढं पुरे. मुलांना पंचांग बघायची सवयही लागते, आणि परिपाठात पंचांग असतंच.

रोज तपासायला वेळ कुठून आणायचा, याचं उत्तर: रोज तपासूच नका. माझ्याकडे बुटांच्या खोक्यात ३६६ कार्डं होती. एका तारखेला एक. एकदा तपासलेली नोंद जन्मभर पुरते. तारीख दरवर्षी तीच येणार आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका महिन्याची कार्डं केलीत तरी दहा-अकरा वर्षांत सगळी शाळा झाली. नोंदीपुढे पेन्सिलीने एवढंच लिहायचं की हे कुठे वाचलं, आणि त्या पुस्तकाने कुठून घेतलं असावं. पीडीएफ दहा असल्या तरी त्या एकमेकींच्या नकला असतात. साक्षीदार एकच, आणि तोही गैरहजर. मराठी विश्वकोश आता फोनवर फुकट वाचता येतो, तो उघडायला दोन मिनिटं लागतात. विश्वकोशात नुसतं साल असेल आणि पीडीएफमध्ये दिवसासकट तारीख असेल, तर ती जास्तीची अक्कल पीडीएफला कुठून आली, असं विचारायचं.

किती नोंदी लिहायच्या? मी चौकटीत सहा देत असे कारण जागा भरायची होती. फळ्यावर दोन, फार तर तीन. मुलं सात मिनिटं उभी असतात. दहा नावं वाचून दाखवली तर एकही राहत नाही. कुठल्या निवडायच्या हे तुमच्या वर्गावर आहे. चौथीला कपिल देव चालेल (१९५९), आठवीला मी वेगेनर देईन: ६ जानेवारी १९१२ ला फ्रँकफर्टमध्ये या एकतीस वर्षांच्या हवामानशास्त्रज्ञाने भूगर्भवाल्यांसमोर उभं राहून सांगितलं की खंड सरकतात. त्यांनी ते मानलं नाही. मान्य व्हायला पन्नासेक वर्षं गेली, तोवर वेगेनर जिवंत नव्हता. नकाशातला दक्षिण अमेरिकेचा आणि आफ्रिकेचा किनारा कापून जुळवायला मुलांना द्या, परिपाठ भूगोलाच्या तासापर्यंत लांबेल. अंधांसाठी लिपी तयार करणारा लुई ब्रेल याच तारखेला १८५२ मध्ये गेला, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. विजय तेंडुलकर याच दिवशी १९२८ साली जन्मले. ए. आर. रहमानही, १९६७ मध्ये. मुलांना तो लगेच कळेल, पण त्या दिवशी एक तरी मुलगा गाणं म्हणून दाखवेल ही तयारी ठेवा.

माझं कार्ड असं आहे, हवं तर जसंच्या तसं उतरवा:

‘६ जानेवारी. १८३२: बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत “दर्पण” हे वृत्तपत्र सुरू केलं. तेव्हा ते विशीच्या उंबरठ्यावर होते. १९१२: खंड सरकतात, असं वेगेनर यांनी प्रथम जाहीरपणे मांडलं.’

विशीच्या उंबरठ्यावर, हे शब्द मी मुद्दाम ठेवलेत. दोन्ही जन्मतारखांना ते चालतात. आणि त्या पालकांना २० फेब्रुवारीच्या परिपाठाला बोलवा. बाळशास्त्रींवर पाच मिनिटं त्यांनाच बोलू द्या; ज्यांना ही तारीख पाठ आहे त्यांना बाकीचंही बरंच माहीत असणार.